टायमरशिवाय

हरमलच्या गेस्ट हाउसनं धुणं बाहेर द्यायचं ठरवलं
तेव्हा मशीन मागच्या फणसाखाली पडून राहिलं
आणि मी घरी.
अडीच महिन्यांचा पगार अडकला होता.
मालकानं दीड दिला. उरलेल्याबद्दल म्हणाला,
भंगारवाला सोमवारी येतोय,
त्याआधी हवं ते काढून ने.

हवं ते म्हणजे मोटर.
चार बोल्ट, त्यातला एक गंजून बसलेला.
त्याला खोबरेल पाजून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.
तळातून ओंजळभर वाळू निघाली,
केसांची पिन, एक रशियन नाणं.
नऊ वर्षं लोक समुद्रातून उठून
माझ्या चादरींवर निजत होते.

तांदळाच्या पोत्यात गुंडाळून
कदंब बसमध्ये मांडीवर घेतली.
कंडक्टर म्हणाला, बाये, हिचं अर्धं तिकीट काढ.
कोरगावपर्यंत मांडीला रग लागली.

कायतान आला, लाइनमन होता खात्यात,
आता नुसता मीटर उरलाय त्याच्याकडे.
तीन तारा : तांबडी, पिवळी, निळी.
रंगांवर जाऊ नकोस, म्हणाला, रंग कंपनीच्या मर्जीचे.
तांबडी-पिवळी चाळीस.
पिवळी-निळी चाळीस, जराशी वर.
तांबडी-निळी एक्याऐंशी.
म्हणजे पिवळी दोघींच्या सामाईक,
आमची आणि नाईकांची विहीर जशी.

पिवळीला न्यूट्रल, निळीला फेज,
अंगाला हिरवी तार.
आधी बल्ब मध्ये घेऊन, मग सरळ.
मोटर नुसती गुरगुरली,
थरथरत राहिली जागच्या जागी.
कायताननं पुलीला डावीकडे एक बोट लावलं,
ती डावीकडे निघाली.
बंद केली. मग उजवीकडे बोट,
तर उजवीकडे, तितक्याच खुशीनं.
पळय, तो म्हणाला. तिका खंयचीय दिशा चलता.

पण रोज बोट कुणाचं आणायचं?
म्हणून तांबडी-निळीच्या मध्ये कपॅसिटर.
काळा डबा, काड्यापेटीहून थोडा मोठा.
प्लग काढला तरी हा धरून ठेवतो,
बल्ब लावून आधी रिकामा कर, मगच हात घाल.
माझ्या थोरल्या जावेसारखा, मी म्हटलं.
कायतान खूप हसला. तो तिला ओळखतो.

स्विच दाबला.
कुणीही न ढकलता निघाली.

नऊ वर्षं तो टायमर माझ्याही अंगात होता :
पंधरा सेकंद इकडे, दम,
पंधरा सेकंद तिकडे.
त्या दमात मी खिसे चाचपायची,
चिमटे दातात धरायची,
गार चहाचा एक घोट.
बारा. तेरा. चौदा.
पंधराला माझा हात आपोआप पुढं गेला,
कशासाठी कोण जाणे.
सोळा.
सतरा.
चाळीसपर्यंत मोजलं.
मग कायतान काहीतरी विचारत होता
आणि आकडा हातचा सुटला.

सोयरू पाडेली दोन कोयते घेऊन पडवीत उभा.
माडावरून पडल्यापासून चढतो त्याचा मुलगा,
धार अजून हा बघतो.
दगड कुठल्या बाजूनं फिरवू, विचारलं.
त्याला थट्टा वाटली.
अरे, ठिणग्या तोंडावर हव्यात की खाली?
दगडाकडे बघत त्यानं लुंगी आवरली. खाली.

प्लग काढला, डबा रिकामा केला,
फेज निळीवरून तांबडीवर घेतली.
एवढंच.
इतकी वर्षं याचसाठी आत
प्लास्टिकचं दातेरी चाक टकटक करत होतं.

पहिल्या कोयत्याला वेळ लागला, पात्यावर खाच होती.
ठिणग्या सारवणावर पडून विझत गेल्या.
सोयरूनं अंगठा धारेवर आडवा फिरवला,
मग दाढीवर, मग काही न बोलता
दुसरा पुढं केला.

किती, त्यानं विचारलं.
हे मी कायतानला विचारायचं विसरले होते.
वीस, म्हटलं.
त्यानं कनवटीतून दोन दहाच्या काढल्या,
एक फाटकी होती.
ती मी बदलून मागितली.