पहिल्या बैठकीचं इतिवृत्त

खुर्च्या मांडल्या वीस. आलो सात जण,
त्यातला एक फक्त वारा चुकवायला.
वेल्समधलं हे एवढंसं गाव,
चॅपलमागची ही खोली, जिचा हीटर नाणी मागतो.

एलिनेडनं फळ्यावर लिहिलं : नाव काय ठेवायचं?
पाऊण तास त्यातच गेला.
'पॅलेस्टाईन मैत्री' गुळमुळीत वाटतं,
'न्याय' म्हटलं तर हॉल मिळायचा नाही.
मी खजिनदार झाले,
कारण बिस्किटांचा रिकामा डबा माझा होता.

औषधाच्या दुकानातली विदाद गप्पच.
कुणीतरी म्हणालं, तुम्ही सांगा ना तिथलं.
"दिवसभर लोक मला दुखणी सांगतात," ती म्हणाली,
"आज नुसती बसायला आलेय."

मग ऐंशीचा गेथिन, मेंढ्यावाला :
शहराला पाणी हवं म्हणून त्याचं गाव बुडवलेलं.
"तळं आटलं की शाळेची भिंत दिसते. तेवढंच."

विदादनं विचारलं, नाव काय गावाचं?
त्यानं सांगितलं. तिच्या जिभेला ते वळेना,
तीनदा म्हणून पाहिलं.
मग त्यानं तिच्या गावाचं,
तितकंच वाकडं.

हे इतिवृत्तात घ्यायचं का, एलिनेडनं विचारलं.

संस्थेचं नाव ठरलं नाही.
पुढची बैठक मंगळवारी.
तेरा खुर्च्या थंडच होत्या, रचून ठेवल्या.