एका ग्रॅमचं क्षेत्रफळ

सोहार बंदरामागच्या प्रयोगशाळेत
रात्रपाळीला मी आणि शाजी.
बाहेर ऑगस्ट. रात्री दोनलाही चौतीस,
आणि काचेला घाम बाहेरच्या अंगाने.

जहाजातून आलेला कोळसा,
कुठल्या खाणीतला ते कागदावर नाही.
कुटतो, चाळतो, चार ग्रॅम मोजतो,
भट्टीत ठेवतो, नायट्रोजनच्या धारेखाली.

एकशे पाचला पाणी जातं.
नुसतं पाणी. त्याचं कुणी वाईट वाटून घेत नाही.
तीनशेच्या पुढे डांबराचा वास,
आणि चारशेवीसला तो मऊ पडतो:
कोट्यवधी वर्षं दगड म्हणून काढलेली वस्तू
थोडा वेळ मळलेल्या कणकेसारखी.
आतली छिद्रं तेव्हा बुजतात.
मोजायला जावं तर जवळपास शून्य.

पहिल्या वर्षी वाटलं, यंत्रच बिघडलंय.
हारिस बिन खल्फान चष्मा पुसत म्हणाला,
"सब्र. अजून तापव."

पाचशेवर तो पुन्हा घट्ट होतो.
वायू निघताना वाटा पाडून जातात,
आकसतो, तडकतो,
आठशेला वाफ सोडली की
आत इतकी बारीक भोकं
की एखादा रेणूच मावेल,
तोही अंग चोरून.

मग उणे एकशे शहाण्णवला
नायट्रोजन आत पाठवायचा
आणि किती परत आला नाही, ते लिहायचं.
आमच्याकडे पोकळी अशीच मोजतात.
आत कोण राहिलं, एवढ्यावरून.

आजचा आकडा: एका ग्रॅमला सहाशे दहा चौरस मीटर.
शाजीने पावतीच्या पाठीवर हिशेब केला.
कॅम्पातली आमची खोली बावीस मीटर, माणसं सात.
"चिमूटभर कोळशात," तो म्हणाला,
"आपल्यासारख्या सत्तावीस खोल्या.
आणि भाडं नाही!"

घुग्घुसला बाबा सब्बलीने छत ठोकायचे,
रोज, पाळी सुरू व्हायच्या आधी.
"छत बोलते बावा.
पोकळ वाजलं का पळाचं, इचार नाई कराचा."
मला इथे पोकळीचाच पगार मिळतो,
हे त्यांना फोनवर तीनदा सांगून झालं.
ते विचारतात, जेवला का.

मागच्या आठवड्यात तापमापकाची तार सुटली,
भट्टी रात्रभर चढत राहिली, अकराशे, बाराशे.
सकाळी नमुना दिसायला तसाच, थोडा चकाकता.
आकडा चाळीसवर आलेला.
उघडलेलं सगळं त्याने आतून मिटून घेतलं होतं.
अहवालात यासाठी एकच ओळ असते,
ती मी लिहिली.

आता पहाटेची अजान.
शाजी कूलरखाली बाटली धरून उभा,
समुद्राचं गोडं केलेलं पाणी,
कुठल्याशा टाकीत अशाच कोळशातून गळून आलेलं.
उरलेला नमुना मी कुपीत भरतो,
झाकण आवळतो,
आणि टेबलावर ठेवण्याआधी
बोटाच्या पेराने एकदा ठोकून बघतो.