पेवाचं तोंड

मार्केट यार्डात सौद्याच्या पट्ट्या लिहून
घरी येते तेव्हा नखांत हळद असते,
ती कधी पुरती निघत नाही.
त्याच नखांनी अकरा हजार मोजतेय,
तीन हप्त्यांत,
बाबालाल शिकलगार सरांच्या हातावर.
शाळेच्या हॉलमधलं प्रदर्शन,
दुपारी आम्ही तिघंच:
सर, मी, आणि वर कुरकुरणारा पंखा.

चित्र दीड हात रुंद.
हरिपुरातल्या एका पेवाचं तोंड.
भोवती माती, मातीवर उन्हाचा पट्टा,
मधोमध काळा गोल.
पण नुसता काळा नाही.
जवळ गेलं की जांभळा होतो, मग तपकिरी,
आणि मान जराशी तिरपी केली
तर पार तळाला
सुईच्या टोकाएवढं पिवळं.

हे म्हणाले, "खड्ड्याचं चित्र?
सांगलीत खड्डे फुकट मिळतात की."
मी हसले. खोटं नव्हतंच ते.

चौगुले वहिनींनी मोबाइलवर
सात घोडे दाखवले.
सातशे नव्व्याण्णव, फ्रेमसकट,
पूर्वेच्या भिंतीला लावले की बरकत.
घोडे देखणे होते, एकेकाची आयाळ उडत होती.
पण हेच सात मी दाताच्या दवाखान्यात पाहिलेत,
पतसंस्थेत, मॅनेजरच्या डोक्यावर पाहिलेत,
विश्रामबागेतल्या कार्यालयात पाहिलेत
ताट घेऊन रांगेत उभी असताना.
इतक्या भिंतींवर इतकी वर्षं पळून
ते कुठंच पोचलेले नाहीत.

कारण विचारतात सगळे.
भाजी घेताना कुणी विचारत नाही,
सोफ्याचं कुणी विचारलं नव्हतं.
मग मी सांगते,
रंग जाड आहे, कडेला बोट फिरवलं
तर शेतातल्या सरीगत लागतो.
सांगते, डाव्या कोपऱ्यात
ब्रशचा एक केस रंगात अडकलाय.
सरांना म्हटलं, हा राहिलाय वाटतं.
"राहू दे की," म्हणाले,
"त्यो पण त्या दिवशी तिथंच हुता."

हे सांगत नाही की
आप्पा पेवात उतरायचे.
आधी दोराला बांधून कंदील सोडायचे,
विझला तर वरच थांबायचं,
तोंड उघडं ठेवून वारा आत जाईतोवर
बिडी ओढत बसायचं.
जळत राहिला तर उतरायचं.
एवढंच शास्त्र होतं त्यांच्याकडं
आणि त्यावर आम्ही चार पोरं वाढलो.
आप्पांचा फोटो एकच, जुन्या ओळखपत्रावरचा.
त्यात ते कुणीही वाटतात.

चित्राच्या मागं पेन्सिलीनं साल आहे.
मी सरांना विचारलं,
त्या दिवशी इथं माणूस नव्हता का कुणी?
"हुता की. खाली.
वर यील म्हणून वाट बघत बसलो.
ऊन सरकलं. मग म्हटलं, जेवढं दिसतंय तेवढं तरी काढू."
आला का मग वर?
"आला, न यायला काय झालं?
हात धुतला, भाकरी सोडली.
पण तवर चित्र झालं हुतं."

नाव विचारायचं माझ्या ओठांवर होतं.
विचारलं नाही.
सरांना आठवलं नसतं,
किंवा दुसऱ्याच कुणाचं आठवलं असतं,
आणि चित्र तर मला घ्यायचंच होतं.

"उन्हात लावू नका," एवढंच म्हणाले सर,
"पैशाचं बघू सावकाश."

आता ते स्वयंपाकघराच्या दारासमोर आहे.
कणीक मळताना दिसतं,
कुकरची शिट्टी मोजताना दिसतं,
आणि संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी,
खोलीत तेवढाच एक गोल
खोलीपेक्षा खोल होत जातो.

परवा पहाटे उठले तर
हे तिथं उभे,
तोंडात ब्रश, फेस हनुवटीवर,
मान तिरपी.
काय बघताय?
दचकले. बेसिनवर जाऊन चूळ भरली.
"काय न्हाई," म्हणाले,
"खिळा ढिला झालाय का बघत हुतो."