कंपॅनियनची शिरगणती

हेराल्ड पुष्कळांना आठवते.
कंपॅनियन म्हटलं की विचारतात, कोणाची?
मग मी हाताने हवेत छप्पर ओढून दाखवतो:
हेराल्डचं इथे संपतं, बघा,
हिचं तसंच मागे जातं, थेट दिव्यांपर्यंत,
आणि पाठीला पाचवा दरवाजा.

वागळे इस्टेटीत एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या यंत्रांची ड्रॉइंगं काढली.
निवृत्त झाल्यावर दोनशे पानी वही घेतली
आणि तीन रकाने आखले:
चालू. उभी. गेली.

पहिली सापडली चरईत,
डॉक्टर टिपणिसांच्या बंद दवाखान्यामागे,
हिरवी, चाकातून पिंपळ वर आलेला.
दुसरी कोलशेतला मंडपवाल्याकडे,
आत बांबू, वर बांबू.
तिसरीचा नुसता पाचवा दरवाजा:
कोपरीच्या पुलाखाली किल्ल्या बनवणारा गफूर
त्याचा काउंटर करून बसतो.
दरवाजा म्हणजे गाडी का?
दोन रात्री विचार करून 'गेली'त लिहिली,
सकाळी खोडून 'उभी'त.

तुर्भ्याच्या भंगारवाल्याने चहा पाजून सांगितलं,
तुमच्या आधी एक बाई येऊन गेल्या.
कोलशेतला पुन्हा गेलो, तिथेही तेच.
बाईंनी चासीच्या पट्टीवर कागद ठेवून
पेन्सिल घासली होती,
शिशाची पूड अजून कडेला होती.
राग आला, खरं सांगायचं तर.
इतकी वर्षं मी एकटाच वेडा होतो
आणि त्यात बरं चाललं होतं.

त्या भेटल्या बेलापूरला. ग्रेटा मिस्किटा.
शाळेत भूमिती शिकवायच्या.
वडलांनी विकलेली एक शोधता शोधता
बाकीच्यांची खोड लागलेली.
टेबलावर दोन वह्या उघडल्या,
माझ्या सात, त्यांच्या आठ.
मी मनात पंधरा करून मोकळा झालो होतो.

त्यांनी पेन्सिल काढली.
तुमची चरईची हिरवी म्हणजे माझी पांढरी,
रंग द्यायच्या आधीची.
तुमची तुर्भ्याची, माझी कळव्याची, एकच,
अर्धी इथे, अर्धी तिथे.
आणि हा किल्लीवाल्याचा दरवाजा कोलशेतच्या गाडीचा.
तिची पाठ उघडी आहे, पाहिलं नाहीत?
पाहिलं होतं. बांबू बाहेर आलेले.
मला वाटलं, दरवाजा काढून आत ठेवला असेल.

तासाभरात पंधराच्या पाच झाल्या.
एकेकट्याने शोधत होतो तेव्हा
जास्त होत्या.

बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग बाई म्हणाल्या,
गोठिवलीला एक आहे, असं ऐकलंय.

गल्ली एवढी अरुंद की गाडी आत गेली कशी
हाच पहिला प्रश्न.
गेली नव्हती. गाडी उभीच होती,
घरं नंतर आली.

चाकं नाहीत. दिव्यांच्या खोबणीत लसूण वाळत घातलेला.
छप्पर मात्र तेच, मागपर्यंत सरळ,
आणि पाचवा दरवाजा जागच्या जागी,
सुंभाने बांधलेला.
बाई कागद-पेन्सिल घेऊन वाकल्या, तोच
गोमाबाई मढवी उंबऱ्यातून ओरडल्या,
"हात नको लावूस गो! कोंबरी बसलेय अंड्यांव.
गारी हालली तं उठल.
एकवीस दिसांनी ये."
किती दिवस झाले? मी विचारलं.
"परवाच बसवली."

काचेला कपाळ टेकवून पाहिलं.
पेंढ्यात तांबूस पाठ, फुगलेली,
आणि एक गोल डोळा.
तो आम्हा दोघांना मोजत होता.

पाच की सहा, ते पट्टीवर अवलंबून,
आणि पट्टी कोंबडीवर.
रिक्षात बाई आपल्या वहीत काही लिहीत होत्या,
मी डोकावलो नाही.
घरी येऊन चौथा रकाना आखला.
मथळ्याला काही सुचलं नाही.
खाली तेवढी तारीख टाकली, एकोणीस दिवसांनंतरची,
पेन्सिलने.