डावी बाजू

वाडी नाक्याच्या पुढे, ट्रान्सपोर्टच्या गल्लीत,
पंक्चरवाल्या शकूरभाईच्या छपराला खेटून
शाळेची एक जुनी मिनीबस उभी.
पिवळा रंग खरवडून काढलेला, तरी दारावर
'सावकाश उतरा' अजून वाचता येतं.
आत गादी, गॅस, तांदळाचा डबा
आणि लांजेवार नवराबायको.

फोनवर म्हणाले होते, वायरमन पाठवा.
मी आले.
त्यांनी माझ्या मागे पाहिलं,
अजून कोणी गाडीवरून उतरतंय का.
मग म्हणाले, "ये बाई आत. लय तपून राह्यलं."

मे महिना. पंचेचाळीस.
कूलरच्या ताट्या ठणठणीत कोरड्या.
"उजवीकडचे तिन्ही पॉइंट चालू हायेत.
डावीकडचे तिन्ही गेले.
अन् कूलर डावीकडं."

सगळं करून झालं होतं त्यांचं.
फ्यूज बदलला,
बटणं वरखाली केली,
शकूरभाईच्या दुकानातून येणारी केबल
दोनदा उपसून पुन्हा खोचली.
एक पॉइंट तर नवाकोरा आणून बसवला.
नवाही मेलेलाच निघाला.

मी टेस्टर लावला.
टेस्टर पेटला.
"लाइट तं हाये मंग," लांजेवार म्हणाले,
जणू मीच आणून लपवली होती.
होल्डरचा बल्ब लावला. काही नाही.
उजव्या पॉइंटमधून वायर लांबवली,
तिथला न्यूट्रल उसना घेतला,
भप्पकन पेटला.

असं असतं काका.
वीज येऊन दाराशी उभी असते,
पण परतायला वाट नसेल
तर ती कूलरचं पातंही हलवत नाही.
टेस्टरला तेवढं कळत नाही,
त्याला फक्त येणारी दिसते.

मेन बंद केली. हात फिरवत गेले
प्लायवुडच्या भिंतीवरून, बोर्डापासून पहिल्या पॉइंटपर्यंत.
"इथं काही ठोकलं का कोणी?"
"नाही बा," लांजेवार म्हणाले.
ओट्याशी भांड्यांचा आवाज थांबला.

कॅलेंडर होतं. कॅलेंडरमागे खिळा.

"महालात अकरा वर्षं काढली,"
इंदुताई भांड्यांकडे बघतच बोलल्या,
"नंदनवनात नऊ. दिघोरीत चौदा.
सगळ्या घरमालकांची पह्यली अट,
भिंतीले खिळा ठोकाचा नाही.
कॅलेंडर दाराच्या कडीले लटकवत होती मी,
दार उघडलं का महिना खाली पडे.
आता माह्या घरात एक खिळा ठोकला,
एकच,
तं तो..."

"एवढी मोठी भिंत होती, इंदू."
"मोठी?"
लांजेवार गप्प झाले.
बस वीस फुटांची होती.

फळी उचकटली. काळी वायर
खिळ्याच्या टोकाशी करपलेली.
ठोकला त्या दिवशी नसेल गेली सगळी.
आतल्या बारक्या तारा एकेक करून तुटल्या असतील,
अमरावती रोडच्या खड्ड्यागणिक एक.

लांजेवार पक्कड घेऊन आले, खिळा उपटायला.
मी म्हटलं, राहू द्या,
वायरचं काय, तिला खालून नेता येते.
दीड तास गेला. पाइप टाकला,
दोन जोड काढले,
एक स्क्रू सीटखाली हरवला तो हरवलाच.

कूलर सुरू झाला तेव्हा
आधी धूळ आली, मग ओल्या ताटीचा वास,
आणि कॅलेंडर फडफडायला लागलं.
त्यावर दुधाचा हिशोब नव्हता.
चार तारखेला डिझेल.
नऊला कोंढाळी.
अकराला रामटेक, खाली बारीक अक्षरात 'माकडं'.
त्यापुढच्या चौकटी मोकळ्या.

साडेचारशे झाले.
इंदुताईंनी पैसे मोजले, दोऱ्याला बांधलेली पेन्सिल घेतली,
आजच्या तारखेत लिहिलं,
'वायरमन ४५०'.
माझ्याकडे पाहिलं.
'मन' खोडलं, वर 'वाली' लिहिलं,
आणि पेन्सिल सोडून दिली
त्याच खिळ्याला लोंबकळत.