छत्तीस नंबर

पहिला सामना खेळून आलास तेव्हा तुझ्या जर्सीला चिखलच नव्हता.
सत्तर-पंचाहत्तर मिनिटं बाकावर, शेवटची पाच मैदानात.
तेवीस वर्षं मी या क्लबाचे कपडे धुते,
सवयीनं कॉलर उलटून पाहिली :
घाम. आणि सँडविचच्या सॉसचा एक तपकिरी ठिपका.

छत्तीस नंबर. अंगाला ढगळ.
आकडे मीच इस्त्रीनं चिकटवले होते,
सहाचं पोट जरा तिरकं बसलं.
तू म्हणालास, राहू दे म्युरिएल, कुणाला दिसतंय.

कंब्रियाच्या किनाऱ्यावरून आलेला सतरा वर्षांचा जॉस फिरन.
बाप अणुप्रकल्पाच्या फाटकावर रात्रपाळीला,
आई शाळेची बस चालवते.
दर सामन्याला दोघं चार तास गाडी हाकत यॉर्कशरला यायची,
डब्यातली बटाट्याची भाजी गाडीतच खायची
आणि तू खेळलास न खेळलास तरी
रात्रीच परत जायची.

मग तुला रक्त येऊ लागलं.

रक्त गार पाण्यात भिजवायचं.
गरम पाण्यात टाकलं की ते जन्माचं बसतं,
हे मी नव्या पोरींना पहिल्या दिवशी सांगते.
तुझं कुठलं, समोरच्याचं कुठलं,
मला कळत नाही.
मशीनला तर नाहीच नाही.

एका सामन्यात एक्केचाळीस टॅकल. पेपरात छापून आलं.
मी मोजले नव्हते, पण बाही खांद्यापासून उसवली होती
आणि पाठीवर कुणाच्या तरी पाच बोटांचा चिखल
इतका स्पष्ट, की धुवायला जिवावर आलं.
छत्तीसचा बावीस झालास. बावीसचा तेरा.
तेरा नंबर तुला अंगाबरोबर बसायचा.

खेळ तसा सरळ आहे :
पडायचं, उठायचं, टाचेखालून चेंडू मागे सारायचा.
असं सहा वेळा. मग चेंडू त्यांचा.
सगळं अंगावर घेणाऱ्यांचं नाव कमीच होतं इथं,
होतं ते पळणाऱ्यांचं.
तुला त्याचं काही नव्हतं.

फेब्रुवारीतला शुक्रवार, हलचं मैदान.
कुणी हातसुद्धा लावला नव्हता.
तू वळलास,
गुडघा वळला नाही.

ती जर्सी माझ्याकडे आली जवळजवळ कोरी.
मी तरीही भिजवली. गार पाण्यात.
का, ते विचारू नकोस.

नऊ महिने तू माझ्या खोलीत येऊन बसायचास,
पाय उपड्या क्रेटवर,
मांडीवर टॉवेलांचा ढीग.
घड्या सुरेख घालायचास, कडेला कड,
घरी कुणीतरी शिकवलं असणार.
वर व्यायामशाळेत लोखंड आपटल्याचे आवाज
आणि तू म्हणायचास, हा डेक्लन, हा टोआ,
हा नवीन दिसतोय.

नव्याला तेरा नंबर हवा होता.
मीच चिकटवला. तिरका नाही बसला.

नोव्हेंबरात तुला पत्र मिळालं :
क्लब आपल्या सेवेबद्दल ऋणी आहे.
बावीस वर्षांचा पोरगा, रे, बावीस.
मला असलं पत्र अजून यायचंय.
तू हसून ते टॉवेलांच्या ढिगात सारलंस,
म्हणून ते धुतलं गेलं, शाई उतरली,
आणि मला दोन पांढरे टॉवेल फेकावे लागले.
खरं तर फेकले नाहीत. फरशी पुसायला घेते.

काल रात्री, दोन वर्षांनी, तुझा फोन.
मामेभावाबरोबर छपरं शाकारतोस म्हणे,
शनिवारी गावाच्या संघातून खेळतोस,
तिथं ज्याचे कपडे त्यानंच धुवायचे.
आईला कळायच्या आत एक डाग काढायचाय.

गार पाणी, मी म्हटलं. मूठभर मीठ. घाई करू नकोस.
कुणाचं आहे?

काय माहीत, म्हणालास,
मागे नळ धो धो चालू होता,
मला नीट ऐकू आलं नाही
तू हसलास की काय ते.