कुंडीचं मोजमाप

अडतीस वर्षं मी फुलं काढली
वडगावात, पत्र्याच्या शेडमध्ये,
डोळा धोट्यावर, बोटं तुटलेल्या ताण्यावर.
पदरावर कोयरी, काठाला कमळ, अंगभर बुट्टी.
जकाटाच्या पुठ्ठ्याला जिथं भोक, तिथं पाकळी.
भोक नाही, तिथं नुसतं कापड.
मला वाटायचं, झाडावरचं फूलही असंच होत असणार,
कुणीतरी आधी पुठ्ठे मारून ठेवत असणार.

माग भंगारात गेले.
शेडमध्ये आता चारचाक्या धुतात.
कानात मात्र खटक खटक राहिली,
जेवताना, कूस बदलताना.
सून म्हणाली, मामंजी, परसात बसा घटकाभर,
झाडं गप असतात.

कुठली गप?
क्रोटनचं जून पान फरशीवर पडतं
ते दारातून पोस्टकार्ड टाकल्यागत.
अबोलीच्या वाळक्या बोंडाला पाण्याचा थेंब लागला
की ते तट्‌ करून फुटतं,
आणि मी उठतोच,
कुठला धागा तुटला बघायला.

कोपऱ्यात खानापूरची कुंडी, ओठ फुटलेली.
आत माती. नुसती माती.
मालतेश रंगाऱ्यानं कांदा दिला होता,
भट्टी विझवली त्या दिवशी.
"मे महिन्यात बघ. तोवर उकरू नको," म्हणाला.
"आयुष्यभर सूत लाल केलं,
हा लाल काय जमला नाही गा मला."

मी पाणी घालत राहिलो, थोडं थोडं,
नळ पाचव्या दिवशी येतो, त्यातलं.
भिंतीपलीकडून नीलव्वा विचारायची, काय आहे त्यात?
मी म्हणायचो, कुंडी आहे.
ती पदर तोंडाला लावून हसायची.
तिच्या कन्नडात तो शब्द बसायच्या जागेचा.
तीस वर्षं शेजार, अजून हसते.

मग चैत्र सरता सरता एक टोक.
हिरवं नव्हे, तपकिरीही नव्हे,
बाळाच्या नखासारखं.
मी काडी रोवली, तिला पांढरं सूत बांधलं,
सकाळी एक गाठ, दिवेलागणीला दुसरी.
एका दिवसात दोन बोटं!
हातमागावर माझा आजा
याहून फार काही पुढं जात नसेल.

नवव्या गाठीला देठावरची मूठ ताठली.
रात्री स्टूल टाकून बसलो, बॅटरी घेऊन.
म्हटलं, आज बघूच कसं काढतात.
डास. कुत्री. लांब शहापूरकडं कुणाचं तरी लग्न.
बॅटरी विझवली, लावली, विझवली.
प्रत्येक वेळी मूठ होती तशीच
आणि प्रत्येक वेळी जरा जास्त उघडी.
कुठला पुठ्ठा पुढं सरकला, कळलं नाही.

पहाटे लाल गोळा.
पानं नाहीत, आधार नाही,
एका देठावर लाल सुतांचं गुंडाळं, पिवळी टोकं.
मालतेशचं खरं होतं. हा लाल भट्टीत येत नाही.

नीलव्वा स्टुलावर चढून भिंतीवरून वाकली.
दोघांनी फुलं मोजली, बारकी बारकी, देठागणिक.
माझी एकशे बारा.
तिची नूरा ओंबत्त.
म्हटलं, तुमची तीन राहिली.
म्हणाली, तुम्ही तीन दोनदा धरली.
परत मोजली. यावेळी तिची जास्त.
मग चहा आला.

आठव्या दिवशी रंग उतरला.
मागून पानं आली, रुंद, बिनकामाची वाटावी अशी,
थंडी पडल्यावर तीही गेली.
नीलव्वाला कांदा हवाय.
मी म्हटलं, उकरायला बंदी आहे.

गाठींचा धागा खिळ्याला अडकवलाय.
सून दोनदा विचारून गेली, टाकू का?

संक्रांत झाली. मातीवर काही नाही.
मी तांब्या घेऊन कोपऱ्यात जातो.
"काय करूलासा ओ?" पलीकडून आवाज येतो,
तिला माहीत असतं मी काय म्हणणार,
आणि मी म्हणतो.